कोफॅक्सचं कोपर आणि तेरा पिचरांचा नियम

18 नोव्हेंबर 1966 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, सँडी कोफॅक्स याने बेसबॉल सोडल्याचं जाहीर केलं. वय 30. नुकत्याच संपलेल्या मोसमात त्याच्या नावावर 27 विजय होते, 323 इनिंग होत्या (एका सामन्यात नऊ), 317 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, होते, आणि नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यात लागणाऱ्या धावांची सरासरी होती 1.73. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार तेव्हा नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन्ही लीग मिळून एकच असे. तो त्याने त्या वर्षी एकमताने जिंकला, आणि चार वर्षांत तिसऱ्यांदा. सोडण्याचं कारण त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. डाव्या कोपराचा संधिवात वाढत चालला होता आणि खेळ संपल्यावरची वर्षं त्याला धड हाताने जगायची होती.

या निवृत्तीचा अर्थ अमेरिकेत दोन तऱ्हांनी लावला जातो. जुन्या पिढीचे चाहते म्हणतात, बघा, तेव्हाचे पिचर दुखऱ्या हातानेही सामना पुरा करत, आजचे पाच इनिंगमध्ये घरी जातात. संघांची कार्यालयं उलट सांगतात: बघा, जास्त चेंडू टाकले की हात जातो, म्हणून चेंडू मोजा आणि पिचर लवकर काढा. दुसऱ्या मताची गेली तीसेक वर्षं सरशी आहे. तरीही पिचरांचे हात पूर्वीपेक्षा जास्त मोडताहेत. कोफॅक्सची कारकीर्द नीट पाहिली तर दोन्ही मतांमधली चूक दिसते. पिचर किती चेंडू टाकतो आणि प्रत्येक चेंडूत किती जोर घालतो, या दोन्ही गोष्टी त्याच्या स्वभावापेक्षा खेळाच्या नियमांनी ठरतात. हात वाचवायचे असतील तर पिचरला उपदेश करून भागणार नाही, नियमाला हात घालावा लागेल. माझ्या मते तो नियम एका संघाकडे किती पिचर असावेत हा आहे.

आधी हाताकडे पाहू. पिचर माउंडवरून, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून, पाय पुढे टाकतो तेव्हा कोपर खांद्याच्या उंचीवर, जवळजवळ काटकोनात असतं. कोपरापुढचा हात मागे झुकत झुकत जमिनीला समांतर होण्याइतका जातो आणि तिथून झटक्यात पुढे येतो. त्या क्षणी दंडाचं हाड स्वतःभोवती सेकंदाला सुमारे 7000 अंशांच्या वेगाने फिरतं. कोपराची आतली, म्हणजे करंगळीकडची बाजू उघडायला बघते. तिला धरून ठेवतो तो एक त्रिकोणी अस्थिबंध, अल्नार कोलॅटरल लिगामेंट. व्यावसायिक पिचरच्या कोपरावर या घडीला 60 न्यूटन-मीटरच्या वर पीळ येतो, आणि मृतदेहांवरच्या चाचण्यांत हा अस्थिबंध एकटा 30 ते 35 न्यूटन-मीटरलाच तुटला आहे. मधला फरक मनगट वाकवणारे आणि बोटं मिटणारे स्नायू भरून काढतात. ते दमले की भार अस्थिबंधावर येतो. ते ताजे असले तरी प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने टाकला की राखीव ताकद उरतच नाही. याच वेळी कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाड हाडावर दाबलं जातं आणि मागचं टोक खोबणीत आपटत राहतं. तिथे कूर्चा झिजते, हाडाला काटे फुटतात. कोफॅक्सला झालं ते हे. आजच्या पिचरचा बहुधा आतला अस्थिबंध जातो. चेंडूंच्या संख्येने एक बाजू झिजवली, जोराने दुसरी तोडली.

क्रिकेटच्या गोलंदाजाला कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही आणि तो धावत येतो, त्यामुळे त्याची दुखणी पाठीत आणि घोट्यात निघतात. पिचर जागेवरून टाकतो. वेगाचा ताण मुख्यतः खांदा आणि कोपर या दोन सांध्यांवर येतो.

कोफॅक्सची घडण नियमाने सुरू झाली, तीही वाईट रीतीने. डिसेंबर 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने (हाच संघ पुढे लॉस एंजेलिसला गेला) या ब्रुकलिनच्याच मुलाला घेतलं. 6000 डॉलर पगार आणि 14000 डॉलर बोनस. त्या वेळी नियम असा होता की 4000 डॉलरच्या वर रक्कम दिलेल्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, खालच्या लीगमध्ये शिकायला पाठवायचं नाही. नवख्यांसाठी संघांनी चढाओढीने पैसे ओतू नयेत म्हणून मालकांनी तो केला होता. त्याचा परिणाम असा की 19 वर्षांचा, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला, पिचिंग जेमतेम केलेला मुलगा अनुभवी संघाच्या बाकावर बसला. त्याला कधी तीन आठवड्यांनी चेंडू मिळे, आणि मिळाला की संधी जाईल या भीतीने तो असेल नसेल तेवढा जोर लावी. जोर लावला की बोटं चेंडू घट्ट आवळतात, सोडण्याची वेळ चुकते, चेंडू वर जातो. 1958 मध्ये त्याने 158 इनिंगमध्ये 105 वॉक दिले, म्हणजे इतक्या बॅटरांना फुकटात पहिल्या बेसवर पाठवलं. 1960 मध्ये 175 इनिंगमध्ये 100. सहा मोसमांनंतर हिशेब 36 विजय, 40 पराभव.

1961 च्या वसंतातल्या सरावात, ऑरलँडोला मिनेसोटाविरुद्धच्या एका दुय्यम सामन्यात गोष्ट बदलली. दुसरा पिचर विमान चुकल्यामुळे आलाच नव्हता, त्यामुळे कोफॅक्सला जास्त इनिंग टाकायच्या होत्या. पहिल्याच इनिंगमध्ये त्याने तिन्ही बेस वॉकने भरले. कॅचर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारा, नॉर्म शेरी माउंडवर गेला आणि म्हणाला, इतका जोर कशाला, थोडा सैल सोड, कर्व्ह (वळणारा चेंडू) टाक, त्यांना मारू दे. कोफॅक्सने पुढचे तिघे स्ट्राइकआउट केले. शेरीने नंतर त्याला सांगितलं की सैल सोडलेला चेंडू आधीच्यापेक्षा वेगाने येत होता. यात चमत्कार काही नाही. आवळलेले स्नायू एकमेकांना अडवतात, सैल हातात कंबर-खांदा-कोपर-मनगट ही साखळी क्रमाने उलगडते. 1961 मध्ये त्याने 269 स्ट्राइकआउटचा नॅशनल लीगचा विक्रम केला. 1963 मध्ये 311 इनिंगमध्ये फक्त 58 वॉक, 25 विजय, 5 पराभव.

कोफॅक्सच्या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट मला ही वाटते. 9 सप्टेंबर 1965 च्या परफेक्ट गेमपेक्षाही, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर न पोहोचलेल्या सामन्यापेक्षाही. त्याचं मोठेपण राखून टाकण्यात होतं. फास्टबॉल आणि वरून खाली कोसळणारा कर्व्ह, एवढ्या दोनच हत्यारांवर तो जगातला सर्वोत्तम पिचर झाला, कारण आठव्या-नवव्या क्रमांकाच्या बॅटरला तो जेवढ्यास तेवढंच देई आणि बेसवर माणसं असली की उरलेलं काढी. तेव्हा पिचरला स्वतःला बॅटिंग करावी लागे, त्यामुळे नववा बॅटर बहुधा समोरचा पिचरच. दर फेरीत एक विसाव्याची जागा ठरलेली. त्यातच 1963 ला स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या उंचीतला चेंडू स्ट्राइक धरला जातो तो पट्टा, खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत वाढवला गेला होता आणि माउंड 15 इंच उंच होता. नियम पिचरला राखून टाकायची मुभा देत होते.

पण तेच नियम त्याच्यावर इनिंगही लादत होते, आणि जुन्या चाहत्यांचं स्मरण इथे आंधळं होतं. दर चौथ्या दिवशी माउंड. 20 सप्टेंबर 1961 ला 13 इनिंग आणि 205 चेंडू. ऑगस्ट 1964 मध्ये मिलवॉकीला दुसऱ्या बेसवर परत झेप घेताना तो कोपरावर आपटला. त्यानंतरही तो टाकत राहिला, 13 स्ट्राइकआउट घेऊन, समोरच्यांना शून्यावर ठेवून एक सामना जिंकला, आणि दुसऱ्या सकाळी हात सरळ होईना. संघाचे डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांनी आघाताने आलेला संधिवात असं निदान केलं. 1965 च्या वसंतात एक पूर्ण सामना टाकल्यावर सकाळी हात आत रक्त साकळून काळानिळा झालेला. उपाय काय, तर दोन सामन्यांच्या मधला सराव बंद. कोपरात कॉर्टिझोनची इंजेक्शनं. सामन्याआधी मिरचीच्या अर्काचं कॅप्सोलिन मलम, जे इतर खेळाडूंना नुसतं लागलं तरी डोळ्यांत पाणी येई. सूज उतरवायला ब्युटाझोलिडिन, हे घोड्यांनाही देत. दुखलं तर कोडीन. सामना संपला की रबरी बाही चढवून कोपर बर्फाच्या पाण्यात. अशा अवस्थेत 1965 ला 335 इनिंग आणि 382 स्ट्राइकआउट, 1966 ला पुन्हा 41 सामन्यांत सुरुवात आणि त्यातले 27 शेवटपर्यंत. 1965 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, सातवा सामना त्याने दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर टाकला. कर्व्ह बसत नव्हता, म्हणून जवळजवळ नुसत्या फास्टबॉलवर तो 2-0 ने जिंकला.

याला शौर्य म्हणायला माझी हरकत नाही, पण हे शौर्य त्याच्याकडून कोणत्या परिस्थितीत काढून घेतलं गेलं तेही म्हणायला हवं. तेव्हाच्या करारातल्या रिझर्व्ह क्लॉजमुळे खेळाडू जन्मभर एका संघाचा बांधील असे. दुसरीकडे जायची सोय नाही, करार वर्षाचा, पुढचा पगार मागच्या मोसमावर. हात राखून ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीचा पगार कापून घेणं. 1966 च्या सुरुवातीला डॉजर्सचे व्यवस्थापक बझी बव्हासी कोफॅक्सला संघातल्या दुसऱ्या मोठ्या पिचरचा, डॉन ड्रायस्डेलचा, आकडा सांगून आणि ड्रायस्डेलला कोफॅक्सचा आकडा सांगून दोघांनाही खाली खेचत होते. दोघांनी एकमेकांना विचारलं, डाव उघडा पडला, आणि दोघे मिळून 32 दिवस सरावापासून दूर राहिले. मागणी दोघांत तीन वर्षांचे दहा लाख डॉलर. मिळाले त्या एका वर्षाचे कोफॅक्सला सव्वा लाख, ड्रायस्डेलला एक लाख दहा हजार. तीन वर्षांची हमी मिळाली नाही. ती मिळती तर दर चौथ्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी टाकतो असं म्हणायची ताकद कोफॅक्सला आली असती. ती नव्हती म्हणून त्याच्या हाती एकच निर्णय उरला, पूर्ण सोडण्याचा, आणि तो त्याने घेतला. 1965 च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किप्पूरला, ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, आला तेव्हाही ज्यू असलेल्या कोफॅक्सने गाजावाजा न करता टाकायला नकार दिला होता. हा माणूस अबोल होता, पण आपली रेघ कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रिझर्व्ह क्लॉज मोडायला डिसेंबर 1975 उजाडला, तोही अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या दाव्यात.

आता आजचं चित्र. 25 सप्टेंबर 1974 रोजी कर्लन यांचे सहकारी डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचाच पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात मनगटाकडचा स्नायूरज्जू काढून, हाडांना भोकं पाडून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवला आणि तुटलेला अस्थिबंध नव्याने उभा केला. टॉमी जॉनने त्यानंतर 164 सामने जिंकले. शस्त्रक्रिया उत्तम आहे, पण तिने एक घातक समजूत पेरली: तुटलं तर जोडता येतं. पूर्ववत व्हायला बारा ते अठरा महिने लागतात, दुसऱ्यांदा केली तर यशाची खात्री बरीच घटते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी सांगत नाही.

मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी 91 मैलांच्या आसपास होता, 2024 मध्ये तो 94 च्या वर गेला. सुरुवातीचा पिचर सरासरीने पाच इनिंगच्या जरा पुढे जातो. एकट्याने पुरे केलेले सामने कोफॅक्सचे एका मोसमात 27, आता तीस संघांचे मिळून पूर्ण मोसमात तीसच्या आसपास. म्हणजे संख्या घटवली, जोर वाढला. संघांनी तसं मुद्दाम ठरवलं असं नाही, हा हिशेबाचा परिणाम आहे. बॅटरला तोच पिचर तिसऱ्यांदा दिसला की तो जास्त मारतो, हे आकड्यांनी सिद्ध झालं. मागे बाकावर आठ ताजे पिचर बसलेले असतील तर पहिल्याने राखून टाकायचं कशासाठी? पाच इनिंग जीव तोडून टाक, उरलेल्या चार आम्ही चौघांत वाटतो. त्या चौघांनाही एकेकच इनिंग, म्हणून तेही जीव तोडून. 2022 पासून दोन्ही लीगमध्ये बॅटिंगला पिचरच्या जागी वेगळा बॅटर येतो, त्यामुळे विसाव्याची नववी जागाही गेली. 2023 पासून चेंडू टाकायला घड्याळ लागलं, दोन चेंडूंमधला दमही आखडला.

चेंडू मोजून हात वाचत नाही याचं उदाहरण म्हणजे स्टीफन स्ट्रासबर्ग. 2010 ला पदार्पणात 14 स्ट्राइकआउट, त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. 2012 मध्ये त्याच्या वॉशिंग्टन संघाने त्याला 159 इनिंगनंतर सप्टेंबरमध्ये थांबवलं आणि संघ बाद फेरीत त्याच्याविना हरला. 2019 ला तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सात वर्षांचा 24 कोटी 50 लाख डॉलरचा करार झाला, आणि त्यानंतर तो फक्त आठ सामने टाकू शकला. थांबवण्याचा हेतू चांगला होता. पण मोजमाप इनिंगचं होतं, आणि हात इनिंगने तुटत नव्हता. उलट टोकाला जेकब डिग्रॉम. ताशी 99 मैलांनी टाकत असताना दुसऱ्यांदा कोपर गेलं. परतल्यावर 2025 मध्ये तो थोडा वेग सोडून टाकू लागला आणि तिशी सरत आलेल्या त्या हाताने 30 सामन्यांत सुरुवात केली. एका माणसावरून सिद्धांत होत नाही हे खरं, पण नॉर्म शेरी म्हणाला होता तेच हे आहे.

तर नियम काय करावा? आज 26 खेळाडूंच्या यादीत जास्तीत जास्त 13 पिचर चालतात. ही मर्यादा जून 2022 पासून लागू आहे. ती 13 वरून 12, दोन मोसमांनंतर 11 अशी उतरवावी. कोफॅक्सच्या काळी 25 जणांत नऊ-दहा पिचर असत, तेव्हा 11 काही अशक्य आकडा नाही. अकराच पिचर असले की सुरुवातीच्या पिचरकडून सहा-सात इनिंग हव्याच लागतात, आणि सात इनिंग पूर्ण जोराने कुणालाच टाकता येत नाहीत. संघच मग जरा कमी वेगाचा, जास्त नेमाचा, चार तऱ्हांचे चेंडू जाणणारा पिचर शोधतील आणि त्याला पैसे देतील. एकाच तरुण पिचरला खालच्या लीगमधून मोसमात पाच वेळा वरखाली करता येतं. ही संख्या दोनवर आणली नाही तर 11 चा नियम कागदावरच राहील, कारण दमलेला पिचर खाली पाठवून ताजा वर आणणं म्हणजे मागच्या दाराने तेरावा-चौदावा पिचरच. जखमी यादीचा किमान काळ पिचरसाठी 15 दिवस आहे, तोही वाढवावा, नाहीतर खोट्या दुखण्यांची रांग लागेल.

सर्वांत वजनदार आक्षेप असा: आजचे पिचर जोरावर वाढलेत, त्यांना एकदम सात इनिंग टाकायला लावल्या तर थकव्याने पहिल्या दोन वर्षांत जास्त हात जातील. हा धोका खरा आहे. म्हणूनच पायरीपायरीने उतरायचं, आणि खालच्या लीगमध्ये आधी लागू करायचं, म्हणजे वर येणारा पिचर तसा घडलेला येईल. दुसरा आक्षेप, आजचा प्रत्येक बॅटर होमरन मारतो, सैल टाकलं तर धावांचा पाऊस पडेल. थोड्या धावा वाढतील, वाढू द्या. शंभर बॅटरांमागे बावीस-तेवीस स्ट्राइकआउट होणारा खेळ बघायला रटाळ झाला आहे, चेंडू मैदानात जायला हवाच आहे. फारच वाढल्या तर माउंड आहे. 1968 मध्ये धावा आटल्या तेव्हा एका हिवाळ्यात माउंड 15 इंचांवरून 10 वर आणला गेला आणि स्ट्राइक झोनही आवळला. तो एक-दोन इंच परत उचलता येतो. मात्र त्याने खांद्यावर काय होतं ते आधी तपासायला हवं.

मुलांपर्यंत हाच प्रश्न जातो. 2014 पासून लहान वयोगटांसाठी दिवसाच्या चेंडूंची मर्यादा सुचवलेली आहे, 7-8 वर्षांना 50, 17-18 वर्षांना 105. मर्यादा चांगली आहे, तिला धक्का लावू नये. पण भरतीसाठी खेळाडू निवडणारे मैदानावर वेगमापक घेऊन उभे असतात, आणि मुलगा त्या 50 चेंडूंतला प्रत्येक चेंडू त्या यंत्रासाठी टाकतो. वर ज्याला पैसे मिळतात, खाली त्याचीच नक्कल होते.

आपल्याकडे 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार म्हटल्यावर ‘आयपीएलमध्ये बरं दुखत नाही’ अशी टीका झाली. ती करणाऱ्यांनी चार षटकांचा जोर आणि दिवसाला वीस षटकांचा जोर यांची बेरीज एकाच पाठीवर होते हे लक्षात घेतलं नाही. कधी थांबायचं हा निर्णय ज्याची पाठ आहे त्याचाच असायला हवा, आणि त्यासाठी त्याच्या हातात कराराची हमी हवी. कोफॅक्सकडे ती नव्हती, बुमराहकडे बऱ्याच अंशी आहे. खेळाडूने ती वापरली म्हणून त्याला बोल लावणं अन्यायाचं आहे.

मेजर लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. वाटाघाटींत पगाराच्या कमाल मर्यादेवर सगळी ताकद जाणार हे उघड आहे. पिचरांची संख्या कमी करण्याला संघटना विरोध करेल, कारण तेराव्या पिचरची नोकरी जाते. म्हणून 26 चा आकडा तसाच ठेवावा. दोन पिचर कमी, दोन बॅटर किंवा क्षेत्ररक्षक जास्त. नोकऱ्या तेवढ्याच राहतात. सोबत संघटनेने एक अट घालावी: पिचरच्या कोपराची आणि खांद्याची चित्रं व अहवाल संघाच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने दर मोसमाच्या शेवटी पाहावेत, पिचरला समजावून सांगावेत, आणि त्यांच्या आधारे त्याने विश्रांती मागितली तर त्या काळाचा एक डॉलरही कापला जाऊ नये.